गजी नाच वहीत कधी उतरणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात सध्या शाळांच्या गॅदरिंगवरून चांगलीच जुंपली आहे. एका पालकांना चौथीतल्या मुली आयटम साँगवर कंबर हलवताना बघून शरम वाटली. त्यावर दुसऱ्यांनी 'वर्षातून एक दिवस पोरं नाचली तर आभाळ कोसळतं का' असं सुनावलं. मिरजेच्या एका गृहस्थांनी तर गॅदरिंगच बंद करा म्हणून सांगून टाकलं. तिघांचंही वाचलं. मी या सांगली जिल्ह्यातल्या शाळांमध्ये नोकरीभर पी.टी. शिकवली आणि गॅदरिंगचे नाच बसवायचं काम कुणाच्या गळ्यात पडतं हे मला पक्कं ठाऊक आहे. ज्याच्या गळ्यात शिट्टी, त्याच्याच. म्हणून थोडं लिहिते. पत्र लांबलं तर खुशाल कात्री लावा, पण मधला, धनगरांच्या गजी नाचाचा भाग तेवढा ठेवा.

डिसेंबर लागला की मुख्याध्यापक बोलावून घेतात. "बाई, एवढे-एवढे नाच बसवा, त्यात एक लोकनृत्य पाहिजेच, पाहुणे झेडपीतून येणार आहेत." आता लोकनृत्य म्हणजे काय? तर कोळीगीत. समुद्र इथून दीड-दोनशे किलोमीटर, पण आमच्या पोरांच्या डोक्याला कोळ्याची टोपी आणि हातात पुठ्ठ्याचं वल्हं. नाहीतर भाड्याच्या नऊवाऱ्या आणून लावणी. बाई मोबाईल उघडतात, कुठल्यातरी शाळेच्या गॅदरिंगचा व्हिडिओ लावतात आणि मुलं त्याच्याकडे बघून हातवारे करतात. त्या शाळेनं ते टीव्हीवरच्या स्पर्धेतून उचललेलं असतं, आणि टीव्हीवाल्यांनी सिनेमातून. बाईंना दोष देऊन काय उपयोग? त्यांच्या हातात दुसरं काही दिलेलंच नाही. गणिताच्या शिक्षकाला पुस्तक असतं, शास्त्राच्या शिक्षकाला प्रयोगवही असते, आणि नाच बसवणाऱ्या बाईला मोबाईल.

आपल्या तिन्ही पत्रलेखकांची नजर गाण्यावर आहे. माझी त्या रिकाम्या हातांवर आहे. आणि ते हात एका शाळामास्तरणीनं एका अख्ख्या देशापुरते भरून दाखवले, तिच्याबद्दल मला सांगायचं आहे. ती फिलिपिन्सची. नाव फ्रान्सिस्का रेयेस अकिनो.

फिलिपिन्स आता आपल्याकडे परकं राहिलेलं नाही. जिल्ह्यातली कितीतरी मुलं तिथे दावाओला डॉक्टरकी शिकायला जातात. माझ्या धाकट्या जावेची नातही गेली. तिथे ऑगस्ट महिनाभर शाळा-कॉलेजांतून त्यांच्या भाषेचा सोहळा चालतो आणि त्यात गावोगावचे नाच होतात. आमच्या नातीलाही वर्गमैत्रिणींनी कळकांच्या, म्हणजे बांबूंच्या, मध्ये नाचायला उभं केलं. सुट्टीला आली तेव्हा तिनं माझ्यासाठी एका जुन्या पुस्तकाच्या झेरॉक्स बांधून आणल्या. "आजी, हे तुमच्या कामाचं आहे, यात सगळं एक-दोन-तीन करून लिहिलंय." तिचं खरं होतं. मी ते पुस्तक कवायतीच्या पुस्तकासारखं वाचलं.

या फ्रान्सिस्काबाई ९ मार्च १८९९ ला मनिलाच्या उत्तरेला बुलाकान प्रांतात, बोकावे गावाजवळच्या लोलोम्बोयला जन्मल्या. त्या देशावर तीनशेहून अधिक वर्षं स्पेनचं राज्य होतं. ते १८९८ मध्ये गेलं आणि अमेरिकेचं आलं. अमेरिकेनं शाळा काढल्या, शाळांत शारीरिक शिक्षण आणलं, आणि त्या तासाला मुलं युरोपातले नाच शिकू लागली. आमच्या कोळीगीताची गत तरी वेगळी काय! फ्रान्सिस्काबाई तेव्हा युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्समध्ये शारीरिक शिक्षण विभागात होत्या. आपल्याच गावांत नाच असताना परक्यांचे कशाला, असं त्यांनी मनावर घेतलं आणि १९२०च्या दशकात त्या लुझोन बेटाच्या मध्य आणि उत्तर भागातल्या आडगावांत फिरू लागल्या. एकटी बाई, वही घेऊन, म्हाताऱ्या माणसांना 'नाचून दाखवा' म्हणतेय. इथल्या खेड्यांत त्या काळी हे कसं दिसलं असतं याचा विचार करा, म्हणजे तिथे कसं दिसलं असेल ते कळेल.

१९२६ मध्ये त्यांनी एम.ए.चा प्रबंध सादर केला, फिलिपिन्सचे लोकनृत्य आणि खेळ या विषयावर. त्या प्रबंधाची मांडणी कुणासाठी होती? पंडितांसाठी नाही. सरकारी आणि खाजगी शाळांतल्या शिक्षकांसाठी, आणि मैदानावर मुलं खेळवणाऱ्यांसाठी. हे वाचलं तेव्हा मी झेरॉक्स खाली ठेवून आधी चहा टाकला. आपल्याकडे लोककलेवर पीएच.डी. झालेले थोडे नाहीत. त्यातल्या कुणाच्या प्रबंधावरून सहावीच्या वर्गाला तासाभरात नाच शिकवता येईल का, हा माझा साधा प्रश्न आहे.

पुढे त्या बॉस्टनच्या सार्जंट कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकून आल्या. १९३०च्या दशकात विद्यापीठाचे अध्यक्ष होर्हे बोकोबो यांनी हे काम विद्यापीठाचंच म्हणून हाती घेतलं आणि एक छोटी तुकडी गावोगाव पाठवली. फ्रान्सिस्काबाई पाय टिपायच्या, अंतोनिनो बुएनाव्हेंतुरा नावाचे संगीतकार चाली स्वरलिपीत उतरवायचे, आणि तिसरे रामोन तोलेंतिनो सोबतीला. या बुएनाव्हेंतुरांनाही पुढे १९८८ मध्ये संगीतासाठी राष्ट्रीय कलावंताचा मान मिळाला. एकानं पाय बघायचे, एकानं कान द्यायचा. ही वाटणी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९४०च्या दशकात त्या सरकारच्या शिक्षण खात्यात शारीरिक शिक्षणाच्या प्रमुख झाल्या, आणि गावातला नाच शाळेत पोचला तो इथून. खात्यानं त्यांचं साहित्य शाळांना वाटलं, शिक्षकांना शिकवलं. १९४६ मध्ये, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, त्यांचं राष्ट्रीय नृत्यांवरचं पुस्तक निघालं. मग लोकनृत्यांचे एकामागून एक सहा खंड. १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रामोन मॅगसेसे यांनी त्यांचा सरकारी गौरव केला. मॅगसेसे विमान अपघातात गेले, त्यांच्या नावानं पुरस्कार सुरू झाला, आणि १९६२ मध्ये तो फ्रान्सिस्काबाईंना मिळाला. मदर तेरेसांना मिळाला त्याच वर्षी.

यात माझ्यासारखीला सर्वांत जास्त सुखावणारी गोष्ट अशी की त्यांना मॅगसेसे कलेसाठी मिळालाच नाही. तो मिळाला शासकीय सेवेसाठी. चिंतामणराव देशमुखांना १९५९ मध्ये ज्या विभागात मिळाला, त्याच विभागात. इकडे रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर आणि देशाचा अर्थमंत्री राहिलेला माणूस, आणि तिकडे पी.टी.ची बाई! ज्या स्टाफरूममध्ये पी.टी.च्या तासाला 'आज पोर्शन राहिलाय, तुमचा तास मला द्या' म्हणून गणितवाले हात पसरतात, तिथे हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवायला पाहिजे. १९७३ मध्ये नृत्यासाठी पहिल्या राष्ट्रीय कलावंत म्हणूनही त्यांचीच निवड झाली. १९८३ मध्ये त्या वारल्या.

आता त्या पुस्तकातलं एक पान दाखवते.

तिनिकलिंग. फिलिपिन्सचं नाव निघालं की टीव्हीवर जो कळकांचा नाच दाखवतात तो. लेते बेटावरचा. आपल्या पाणकोंबडीच्या जातीचा टिकलिंग नावाचा लांब पायांचा पक्षी भातखाचरातून चिखल चुकवत, फांद्या-फासे ओलांडत चालतो, त्याची ही नक्कल. पानाच्या वर आधी नाच कुठला ते गाव-प्रांत. मग पोशाख, बाईचा आणि पुरुषाचा. मग साहित्य: सुमारे नऊ फूट लांबीचे दोन कळक, दोन्ही टोकांना त्यांच्याखाली आडवे ठेवायला लाकडाचे दोन ठोकळे, आणि टोकाला बसून कळक वाजवणारे दोघं. मग ताल, तीनाचा. पहिल्या ठोक्याला कळक एकमेकांवर, दुसऱ्या-तिसऱ्याला फाकवून ठोकळ्यांवर. म्हणजे एकला पाय बाहेर, दोन-तीनला आत. मग नाचणाऱ्यांनी कुठे उभं राहायचं. मग पहिली हालचाल, दुसरी हालचाल, प्रत्येकीपुढे किती आवर्तनं, कुठला पाय, हात कमरेवर की घागरा धरलेला. पुस्तकाच्या सुरुवातीला सगळ्या नाचांत येणाऱ्या हालचालींची एक यादी आहे. मनगट आतून बाहेर फिरवायचं ते 'कुमिंतांग', एक हात कमरेपुढे आणि एक मागे ठेवायचा ते 'हायोन-हायोन', पाय पुढे तिरका टाकून हातांची कैची करत वाकायचं ते 'सारोक'. एकदा ती यादी पाठ झाली की कुठलाही नाच वाचता येतो.

मी वाचला. फिलिपिन्स मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, विमानात बसलेली नाही. पण मे महिन्यात आमच्या विश्रामबागेतल्या बोळातली पोरं जमवली, पडवीच्या कामाला आणलेल्या कळकांतले दोन सरळ बघून घेतले, खाली विटा ठेवल्या (ठोकळे कुठून आणू?) आणि पानात लिहिलंय तसं शिकवलं. गाणं नाही, व्हिडिओ नाही. नातीला मुद्दाम घरात बसवलं. पहिल्या दिवशी घोट्यांना प्रसाद मिळाला, एका विटेचे दोन तुकडे झाले. आठवडा संपायच्या आत चौघं तालात उड्या मारत होती. मग नातीला बाहेर बोलावलं. ती बघत राहिली आणि म्हणाली, "हात जरा ढिले सोडा, बाकी बरोबर आहे." सात समुद्रापलीकडच्या गावचा नाच कागदावरून सांगलीच्या बोळात उतरला, आणि इथून तासाभरावर असलेला गजी नाच आमच्या पोरांना येत नाही.

गजी नाच जत, कवठे महांकाळ, आटपाडी, खानापूर या पट्ट्यातल्या वाचकांना मी काय सांगावा! घेरदार पांढरा अंगरखा, डोक्याला फेटा, हातात रंगीत रुमाल, मध्ये ढोल आणि कैताळ (मोठी झांज), आणि भोवती धनगर मंडळींचा फेर. आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात ढोल घुमायला लागले की चालून चालून दमलेल्या माणसाचेही पाय आपोआप हलतात. शहरातल्या वाचकांनी तो मिरवणुकीत पुढाऱ्यांच्या गाडीपुढे पाहिला असेल. ते काही खरं नव्हे. तिथे फोटोपुरता नाच असतो.

ते पुस्तक डोक्यात होतं म्हणून मी जत तालुक्यातल्या एका गजी मंडळाच्या जुन्या म्होरक्यांकडे गेले. माझ्या एका विद्यार्थ्याचे आजोबा. दाराशी शेरडं बांधलेली, आजोबा बाजेवर. मी वही उघडली आणि विचारलं, पहिला पाय कुठला? ते हसले. "आसं बसून न्हाय सांगता यायचं बाई. ढोल वाजल्याबिगर मला तरी कुठं म्हाईत हाय?" ढोल देवळात कुलपात. मग नातवानं तेलाचा रिकामा डबा उपडा घातला आणि एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप, असा ठेका धरला. आजोबा उठले. गुडघे धरून उठले, पण दोन ठेके गेल्यावर गुडघ्यांची भाषा गेली.

मी त्यांच्या पायांपाशी खाली बसून बघितलं. उजवा पाय पुढे टेकवून लगेच माघारी. त्याच वेळी रुमालाचा हात उलट्या अंगाला. मग डावा तसाच. मग दोन पावलं आत, मधल्या ढोलाकडे, आणि गिरकी घेत बाहेर. मी पी.टी.वाली, सवयीनं आठ आकडे मोजत होते आणि माझी गिरकी दर वेळी उशिरा पडत होती. मी म्हटलं, आजोबा, आकडा कितवा? "आकडं कशाला पायजेत बाई? ढोल सांगतुया की." तीन-चारदा करायला लावलं तेव्हा उलगडलं. गिरकी आठव्या ठोक्यावर नाहीच. ती आठव्याच्या जरा आधी सुटते आणि ठोका पडेपर्यंत अंगरख्याचा घेर पुरता फुललेला असतो. ठोका पायासाठी नाही, घेरासाठी आहे. उभ्या जन्मात मी एवढे गजी नाच पाहिले, हे कधी दिसलं नव्हतं. कसं दिसणार? घेरानं गुडघ्याखालचं सगळं झाकतं. आजोबा त्या दिवशी साध्या धोतरात होते म्हणून पाय दिसले.

आणि म्हणूनच, 'आता मोबाईल आहे की, व्हिडिओ काढून ठेवा, लिहायचं कशाला' असं जे म्हणतात त्यांच्याशी माझं जमत नाही. व्हिडिओ जरूर काढा. पण व्हिडिओत घेर दिसतो. वरून ड्रोन उडवला तर फेटे दिसतात. पाय आधी सुटतो की मागून, रुमाल कुणाच्या खुणेवर बदलतो, चाल बदलताना म्होरक्या ढोलवाल्याकडे बघतो की ढोलवाला म्होरक्याकडे, हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि लिहायला बसल्याशिवाय विचारावंसंच वाटत नाही.

लिहिल्यानं काय होतं याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. लेझीम. कुठल्याही खेड्यातल्या शाळेत जा, हलगी वाजली की पोरं लेझीम करतात. का टिकलं? आखाड्यांनी आणि व्यायामशाळांनी त्याला हुकूम बांधून दिले. चार आवाज, एक जगह, आदि लगाव, पवित्रा, दो रुख. हुकूम हिंदुस्थानीत असले तरी सगळ्यांना सारखे. एका गावच्या सरांनी दुसऱ्या गावच्या पोरांना उभं केलं तरी गडबड होत नाही. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनात सांगलीच्या लेझीम पथकानं मैदान गाजवलं. एवढ्या पोरांना एका तालात उभं करणं तोंडी शिकवणीवर होत नाही, त्याला आकडे आणि हुकूम लागतात. गजी नाचाला कुणी हुकूम बांधले नाहीत. तो ज्यानं केला त्यानंच शिकवायचा, आणि तो माणूस पंचाहत्तरीचा, त्याचा नातू पुण्याला कंपनीत.

नुसता गजीच नव्हे. पंचमीला बत्तीस शिराळ्याकडच्या बायका जे फेर धरतात, हादग्याचे फेर, काटवट कणा, पिंगा, दंडफुगडी. शब्द छापून येतात, दिवाळी अंकातही येतात. पाय कुणी छापत नाही. आमच्या वाळवा तालुक्यातले रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, त्यांच्या लावण्या पुस्तकांत आहेत. त्यावर त्यांच्या तमाशातल्या पवळाबाई कशा नाचायच्या ते कुठल्या पुस्तकात आहे? कवलापूरच्या काळू-बाळूंच्या वगातले विनोद लोक अजून सांगतात, चाल कुणाला करून दाखवता येत नाही. नाट्यपंढरी म्हणून आपण मिरवतो. १८४२ मध्ये कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून राजेसाहेबांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत खेळ करायला सांगितलं, १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' झालं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. ते भागवतांचे खेळ नाचाचे होते, हे मात्र आपण सोयीनं विसरलो.

आता आक्षेप. मी हे आमच्या निवृत्त शिक्षकांच्या कट्ट्यावर बोलले तेव्हा एक जण म्हणाले, लिहिलं की नाच मेला. प्रत्येक गावाची चाल वेगळी, तुम्ही एक लिहिणार आणि तीच खरी ठरणार. बोलण्यात दम आहे. फिलिपिन्समध्येही हेच झालं असं म्हणणारे आहेत. पण फ्रान्सिस्काबाईंनी प्रत्येक नाचावर गाव-प्रांत लिहिला तो याचसाठी. त्यांच्याकडे पंदांगो नावाचा नाच एकच नाही. मिंदोरोकडच्या लुबांग बेटावरचा डोक्यावर आणि दोन्ही हातांच्या पाठीवर पेटते दिवे ठेवून करायचा निराळा, टोपीचा निराळा. तसंच 'गजी, अमुक गाव, अमुक मंडळ' असं लिहा आणि शेजारच्या गावाचा खाली जोडा. दोन्ही खरे.

फ्रान्सिस्काबाईंच्या मागून आलेल्यांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या. लुक्रेसिया रेयेस उर्तुला या नृत्यदिग्दर्शिकेनं १९५७ मध्ये मनिलाच्या महिला विद्यापीठात सुरू झालेल्या 'बायानिहान' पथकाचे नाच बसवले. १९५८च्या ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात त्या पथकानं नाव काढलं, आणि १९६५ मध्ये बायानिहानलाही मॅगसेसे मिळाला. रंगमंचासाठी नाच आटोपशीर करायचा, वेग वाढवायचा, रांगा देखण्या करायच्या, ही त्यांची रीत. रामोन ओबुसान याच पथकात नाचले, गावोगाव फिरून माहिती गोळा केली आणि १९७२ मध्ये आपलं वेगळं पथक काढलं. त्यांचा आग्रह उलटा. गावात जसा होतो, होता होईल तो तसाच दाखवा, लांबला तर लांबू द्या. दोघांनाही देशानं राष्ट्रीय कलावंत केलं, उर्तुलांना १९८८ मध्ये, ओबुसानना २००६ मध्ये. माझा कल ओबुसानकडे आहे. गॅदरिंगला नाच चार मिनिटांत बसवायचा म्हणून त्याची मान मुरगाळणं मला पटत नाही. पण भांडायलासुद्धा आधी काहीतरी हातात लागतं. तिथे ते फ्रान्सिस्काबाईंनी दिलं होतं.

दुसरा आक्षेप जास्त नाजूक. गजी हा देवाचा नाच. बिरोबासमोरचा. तो कुणीही कुठेही नाचावा का? हे ठरवणारी मी कोण? त्या आजोबांनीच मला एक फेर दाखवला नाही. "त्यो देवाम्होरंच." मी वहीत तेवढी जागा कोरी सोडली आहे आणि ती कोरीच राहील. जे दाखवायला मंडळी राजी आहेत तेवढं लिहायचं, वर त्यांचं आणि गावाचं नाव घालायचं, शाळेनं शिकवायला बोलावलं तर मानधन द्यायचं. भाड्याच्या नऊवाऱ्यांना पैसे निघतात, तर यालाही निघतील.

मागणी मोठी नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना, गावातल्या कारागिरांकडे-कलावंतांकडे शिकायला पाठवायची सोय सांगितली आहे. बहुतेक शाळा त्यात सहल उरकतात. त्यातले दोन दिवस गजी मंडळाला द्या. बी.पी.एड.च्या, म्हणजे पी.टी.चे शिक्षक होऊ घातलेल्या, मुलांना प्रकल्प लागतातच, दर वर्षी तेच ते 'खेळाडूंच्या आहाराचे महत्त्व' लिहून घेण्यापेक्षा एकेकाला एकेक गाव वाटून द्या. पाय टिपायला पी.टी.चे शिक्षक, ढोलाचा ठेका बोलांत उतरवायला तबल्याचे किंवा पेटीचे. दोघं मिळून बसा, एकट्यानं जमत नाही, मी बघितलं आहे. नमुना म्हणून एका पानात काय असावं ते वर तिनिकलिंगचं सांगितलंच. जिल्हा परिषदेनं किंवा डाएटनं (जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेनं) ती पानं गोळा करून साधी पुस्तिका काढली आणि शाळाशाळांत पोचवली, तर पुढच्या डिसेंबरला कुणा बाईला मुख्याध्यापकांच्या केबिनमधून रिकाम्या हातानं बाहेर यावं लागणार नाही. मग सिनेमाची गाणीही खुशाल वाजू द्या. माझं त्यांच्याशी वैर नाही.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. रविवारच्या पुरवणीत थोडी जागा द्या, एका आठवड्याला एका गावाची एक चाल, आकृतीसकट. पहिलं पान मी देते. जतच्या आजोबांची चाल आठ आकड्यांत लिहून तयार आहे, फक्त आत जाताना रुमाल कुठल्या हातात असतो यावर त्यांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं एकमत व्हायचं आहे. आटपाडी-खानापूरकडच्या मंडळांच्या म्होरक्यांनी आपल्याकडे काय रीत आहे ते या दैनिकाच्या पत्त्यावर कळवावं. त्यांच्याकडे यायची माझी तयारी आहे. पेटीवाल्या बाईही तयार आहेत. देवळातला ढोल तेवढा त्या दिवशी बाहेर काढून ठेवावा, तेलाच्या डब्यावर कैताळाचं काही कळत नाही.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
विश्रामबाग, सांगली